धर्माचं राष्ट्र असलं की आत राहणाऱ्या माणसाला ते कसं वाटतं?

कोथरूडचा वाचक यांचा प्रश्न:

गेल्या रविवारी आत्याच्या साठीला सगळं गोत जमलं होतं. जेवणं झाली, पानसुपारी झाली आणि विषय देशावर आला. माझा आत्तेभाऊ म्हणाला, "देशाला धर्म हवाच. इस्राएल बघ. आपल्या नगर जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा, पण धर्मावर उभा आहे म्हणून टिकला. आपण मात्र धर्मनिरपेक्ष शब्दाला कवटाळून बसलोय." मी विरोध केला. त्यावर त्याने विचारलं, "तू कधी गेलायस का तिथे? तिथे कायदा कसा चालतो ते ठाऊक आहे?" मी गप्प बसलो, कारण खरंच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मनातून जात नाही. धर्माच्या राष्ट्रात परधर्मीयांचं काय होतं हे वर्तमानपत्रात येतं. पण ज्यांच्या धर्माचं ते राष्ट्र आहे त्यांना तरी रोजच्या जगण्यात ते सोयीचं जातं का, हे कुणी लिहीत नाही. तिथे राहणारं कुणी मराठी माणूस इथे असेल तर सांगाल का? भांडायला विचारत नाही, समजून घ्यायचं आहे.

---

निवृत्त वकील, सातारा:

तिथल्या जगण्याचं मला सांगता येणार नाही, पण तुमच्या आत्तेभावाच्या बोलण्यातलं एक दुरुस्त करतो. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द आपल्या घटनेच्या उद्देशिकेत आला १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हे खरं. पण त्यावरून आधी कुणी विचारच केला नव्हता असं समजू नका. १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत के. टी. शहांनी हा शब्द घालायची दुरुस्ती मांडली होती, ती नामंजूर झाली. आणि पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ ला, एच. व्ही. कामतांनी उद्देशिका 'ईश्वराच्या नावाने' सुरू करावी असा आग्रह धरला. सभागृहात बहुतेक सगळे देव मानणारे. हृदयनाथ कुंझरूंसारखे लोक उठून म्हणाले की ज्याने त्याने मनात ठेवायची श्रद्धा सामुदायिक ठरावाने लादणं बरोबर नाही. कामतांनी माघार घेतली नाही, मत घ्यायला लावलं. बाजूने ४१, विरुद्ध ६८. फाळणीची जखम ओली असताना, श्रद्धाळू माणसांनी हात वर करून देवाचं नाव बाहेर ठेवलं. मला ही आपल्या घटना समितीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

इस्राएलात दीड वर्ष आधी हाच पेच पडला होता. १४ मे १९४८ च्या घोषणापत्रात देवाचं नाव असावं असं धार्मिक नेते म्हणत होते, डावे नको म्हणत होते. शेवटी 'इस्राएलचा खडक' असा शब्द घातला. ज्याला देव दिसतो त्याने देव वाचावा, ज्याला आपल्या लोकांची ताकद दिसते त्याने ती वाचावी. राज्यघटना लिहायचं मात्र त्यांनी १९५० मध्ये पुढे ढकललं आणि अजून एकसंध घटना लिहिली गेलेली नाही. टप्प्याटप्प्याने मूलभूत कायदे केले.

---

नवगावची लेक:

मी पंचाहत्तर वर्षांची आहे. जन्म अलिबाग तालुक्यातला. १९६९ साली आईवडिलांबरोबर इस्राएलात आले, तेव्हापासून दक्षिणेकडच्या एका वाळवंटी गावात राहते. सगळी नोकरी हॉस्पिटलात नर्स म्हणून झाली. घरात आता हिब्रू चालतं, पण हिशेब आणि शिव्या मराठीत येतात. नातवाने फोनवर मराठी टाइप करायला शिकवलंय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नवगावला आम्ही ज्यू आहोत की नाही हे आम्हाला कुणी विचारलं नाही. ज्यूंच्या देशात विचारलं. आणि नुसतं विचारलं नाही, कागद आणा म्हणाले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, बाकीच्यांना नवगावला पुरलं, असं आजी सांगायची. ते उंचवटे मी पाहिलेले आहेत. ग्रंथ सगळे समुद्रात गेले. उरलं काय, तर 'शमा इस्राएल' ही प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशी सुंता, बिनखवल्याचा मासा वर्ज्य आणि शनिवार. धंदा तेल गाळण्याचा. शुक्रवारी दिवेलागणीला घाण्याचा बैल सुटायचा तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत गोठ्यात. म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. माझ्या लहानपणी आमचा घाणा बंद पडला होता, पण त्याची लाट अंगणात आडवी पडलेली होती, आम्ही पोरं तिच्यावर बसून आवळे खायचो.

सण आमचे मराठीतच होते. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, दारफळणी म्हणायचो, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. तिशा बआवला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडल्याच्या शोकाच्या उपासाला, बिरड्याचा रोजा, का, तर उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचा. आणि सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, आम्ही मशीद म्हणायचो. हसू नका, मुंबईच्या मस्जिद स्टेशनाचं नाव आमच्या १७९६ सालच्या जुन्या मशिदीवरून पडलं असं आमची मंडळी सांगतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आता मोठ्या भावाची गोष्ट. तो १९६० मध्ये वीस वर्षांचा असताना इकडे आला. दोन वर्षांनी एका मोरोक्कोहून आलेल्या ज्यू मुलीशी लग्न ठरवलं. तुम्हाला वाटेल, ज्यू मुलगा, ज्यू मुलगी, ज्यूंचा देश, अडचण ती काय? तर इथे लग्न सरकार लावत नाही. १९५३ च्या कायद्याने ज्यूंचं लग्न आणि घटस्फोट दोन्ही रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हाती दिलं. मुसलमानांचं काझीकडे, ख्रिश्चनांचं चर्चकडे. ही तुर्कांच्या राज्यातली रीत, ती इंग्रजांनी ठेवली, मग यांनीही ठेवली. नागरी लग्न नावाची गोष्ट या देशात नाही. दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांना इथे लग्न करता येत नाही, धर्म न मानणाऱ्याला सुद्धा रब्बीपुढेच उभं राहावं लागतं.

भाऊ लग्न नोंदवायला कचेरीत गेला. तिथल्या माणसाने विचारलं, "कुठून आलात?" हा म्हणाला, "भारत. बेने इस्राएल." त्याबरोबर समोरची वही मिटली. आमच्या लोकांबद्दल काही रब्बींना संशय होता. यांना शेकडो वर्षं धर्मशास्त्र ठाऊक नव्हतं, मग यांच्यातले घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून? दुसऱ्या लोकांत मिसळले नसतील कशावरून? १९६१ च्या ऑक्टोबरात मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्राएलशी लग्नाला मनाई नाही असं ठरवलं. पण पुढच्या फेब्रुवारीत सूचना काढल्या की बेने इस्राएल माणसाची आई, आईची आई, जमेल तितक्या मागच्या पिढ्या तपासून घ्याव्यात. सूचनेत नाव लिहिलेलं होतं, फक्त आमचं.

भावाचं पत्र आलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. वडिलांनी ते ओटीवर वाचून दाखवलं. आईच्या आईचा केतुबा पाठवा, म्हणजे लग्नाचा करारनामा. आजी रेवदंड्याची. तिची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढली. पेटीत एका पावसाळ्यात पाणी गेलेलं. करारनाम्याचा नुसता लगदा होता, वरची एक हिरवी वेलबुट्टी तेवढी दिसत होती. आजी ते बोटाने कुरवाळत बसली आणि म्हणाली, "माझ्या लग्नाला अख्खं रेवदंडा जेवलं होतं, त्यांना विचारा म्हणावं."

मग वडिलांनी दोन दाखले मिळवले. एक अलिबागच्या आमच्या मशिदीतला आणि दुसरा गावच्या पोलीस पाटलांचा. पाटील आगरी, आमच्या घरासमोरच त्यांचं घर. संध्याकाळी येऊन ओटीवर बसले, चहा घेतला, चष्मा पुसला आणि आमच्या घराण्याचा शनिवार पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्याचा दाखला स्वतःच्या हाताने लिहून दिला. आम्ही ज्यू असल्याची साक्ष एका हिंदू माणसाने दिली आणि ज्यूंच्या कचेरीने ती घेतली नाही. भावाला म्हणाले, संशय फिटावा म्हणून धर्मांतराचं स्नान करून घ्या, मग बघू. तो म्हणाला, मी जे जन्मापासून आहे ते व्हायला पाण्यात उतरणार नाही.

दोन वर्षं तो तसाच राहिला. ती मुलगी थांबली, तिच्या घरचे तिला रोज बोलत होते तरी. १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेमात धरणं धरलं. बायका, पोरं, म्हातारी माणसं रस्त्यावर. भाऊ नोकरी सोडून गेला होता. लेव्ही एश्कोल पंतप्रधान होते. १७ ऑगस्टला क्नेसेटची, म्हणजे इथल्या संसदेची, खास बैठक झाली आणि ठराव झाला की भारतातले बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, लग्नाच्या बाबतीतही, इतर ज्यूंच्या बरोबरीने. महिनाअखेर रब्बी मंडळाने सूचनेतलं आमचं नाव काढलं आणि 'ज्या कुणाबद्दल संशय असेल' असं मोघम लिहिलं. भावाचं लग्न त्याच हिवाळ्यात झालं. वहिनी आता चिकाचा हलवा माझ्यापेक्षा चांगला करते.

पण विचार करा. माझी आजी कोण आहे हे ठरवायला एका देशाची संसद बसली. मतदानाने ती ज्यू ठरली. आज बाजूने गेलं म्हणून गोड मानायचं का? संसदेला 'आहे' म्हणायचा अधिकार दिला की 'नाही' म्हणायचाही दिला.

---

घाटमाथा:

मावशी, तुमचं लिहिणं वाचून पोटात तुटलं. तरीही विचारतो, राग मानू नका. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले, जीव वाचवून पळणाऱ्यांच्या बोटी बंदरांतून परत पाठवल्या गेल्या. त्या माणसांना स्वतःचं म्हणता येईल असं घर हवं होतं. मोरोक्को, पोलंड, येमेन आणि अलिबाग यांना जोडणारं धर्माशिवाय दुसरं होतं काय? भाषा एक नाही, जेवण एक नाही, रंग एक नाही. धर्म काढून घेतला तर ते राष्ट्रच उरत नाही. आणि तुम्ही स्वतःही नवगाव सोडून गेलात, ते कशासाठी? एका कचेरीतल्या माणसाच्या अडेलपणावरून सगळ्या कल्पनेला नावं ठेवणं मला पटत नाही.

---

नवगावची लेक:

राग कशाला, बरोबर विचारलंस. वडील कशासाठी आले ते सांगते. दर वर्षी वल्हांडणाला, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाला, आम्ही म्हणायचो, 'पुढल्या वर्षी जेरुसलेमात.' वडिलांनी ते शब्द खरे धरले. लोदच्या विमानतळावर उतरले आणि माझ्या देखत वाकून जमिनीला कपाळ टेकवलं. भावाचं काय झालं ते सगळं ठाऊक असून टेकवलं. मीही हा देश सोडणार नाही. आमच्या माणसांना घर हवं होतं, ते हवंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९५० चा परतीचा कायदा, कुणीही ज्यू इथे येऊन राहू शकतो असा, तो त्या बोटींची आठवण ठेवून झालेला आहे.

पण घर असणं वेगळं आणि घराच्या किल्ल्या पुजाऱ्याकडे देणं वेगळं. आणि त्या किल्ल्या श्रद्धेने दिल्या असंही नाही. पहिले पंतप्रधान बेन गुरियन स्वतः फार धर्म पाळणारे नव्हते. १९४७ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांची समिती पाहणीला आली होती, तिच्यापुढे ज्यूंमध्ये फूट दिसू नये म्हणून त्यांनी कर्मठ पक्षाला पत्र लिहून दिलं. शनिवार सुट्टीचा, सरकारी भटारखान्यात कोशर, म्हणजे धर्माला चालणारं, अन्न, लग्नाच्या बाबतीत फाटाफूट होऊ देणार नाही आणि त्यांच्या शाळा त्यांच्या. ती त्या वेळची नड होती. पुढे धर्मग्रंथ शिकणाऱ्या चारशे मुलांना सैन्यातून सूट दिली, युरोपातल्या पाठशाळा बेचिराख झाल्या होत्या म्हणून. ती चारशेची संख्या हजारोंवर गेली. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सरकारला त्यांना भरतीतून वगळायचा अधिकार नाही, आणि त्यावरून अजून सरकारं हलतायत. कारण आघाडीचं सरकार धार्मिक पक्षांच्या जागांशिवाय सहसा उभं राहत नाही. नडीपोटी दिलेलं परत घेता येत नाही, हे मी इथे इतकी वर्षं बघून सांगते.

एका कचेरीतल्या माणसाचा अडेलपणा म्हणालास. माझ्या नातवाचं ऐक. त्याची बायको लहानपणी आईबापांबरोबर युक्रेनहून आली. तिचा बाप ज्यू, आई नाही. १९७० च्या दुरुस्तीप्रमाणे ज्यूच्या नातवंडालाही इथे येता येतं, त्यामुळे नागरिकत्व मिळालं. पण त्याच दुरुस्तीने ज्यूची व्याख्या केली ती आईवरून. म्हणजे राहायला ज्यू, लग्नाला नाही. या पोरीने सैन्यात दोन वर्षं काढली. सीमेवर रात्रपाळी करताना कुणी तिच्या आजीचा कागद मागितला नाही. लग्नाच्या वेळी मागितला. शेवटी दोघं सायप्रसला गेली. विमानाने तासाभराचा रस्ता. लार्नाकाच्या नगरपालिकेत इतरही इस्राएली जोडपी रांगेत होती. परदेशी लागलेलं लग्न इथलं सरकार नोंदवून घेतं, १९६३ च्या कोर्टाच्या निकालाने. परत आल्यावर मी घरी मेंदी काढली, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन मलिद्याचं ताट केलं. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि पाच फळं. ती पोर ताटापुढे हात जोडून बसली होती आणि मी मनात म्हणत होते, भावाला १९६२ मध्ये अडवलं आणि नातवाला २०१८ मध्ये. कारकून बदलला, खुर्ची तीच.

घटस्फोटाचं तर बोलवत नाही. नवऱ्याने आपल्या हाताने 'गेट' नावाचा कागद दिल्याशिवाय बाई सुटत नाही. माझ्या वॉर्डातली एक नर्स नऊ वर्षं अडकून पडली. रब्बींच्या न्यायालयाने नवऱ्याला दंड केला, समज दिली, तो ढिम्म. तिचं मूल व्हायचं वय गेलं.

आणि आमच्यातल्याच एवढ्यांचं हे, तर ज्यांच्या धर्माचा हा देश नाही त्यांचं काय, हा प्रश्न वर्तमानपत्रात येतो म्हणून मी टाळणार नाही. इथली एक पंचमांश माणसं अरब आहेत. माझ्या वॉर्डात रात्रपाळीला आम्ही दोघी असायचो, मी आणि एक मुसलमान नर्स. रमजानात तिचा रोजा सुटायच्या वेळी मी तिचे पेशंट बघायची, शुक्रवारी सूर्यास्ताला ती माझे. १९ जुलै २०१८ ला मूलभूत कायदा झाला की या देशात राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा. ६२ विरुद्ध ५५. अरबी राजभाषा होती, तिला 'खास दर्जा' देऊन खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, रजिस्टरमध्ये अरबीत सही केली, नेहमी करायची तशीच, आणि पेन माझ्याकडे दिलं. काही बोलली नाही. मला तिच्या डोळ्यांना डोळा देता येईना. द्रुझ, म्हणजे अरबी बोलणारे पण वेगळ्या धर्माचे लोक, तर आमच्या सैन्यात मरतात, तेही ऑगस्टमध्ये तेल अवीवला रस्त्यावर उतरले की आम्ही कोण मग?

तू म्हणतोस धर्म काढला तर काय उरतं. धर्म काढायला कोण सांगतंय? योम किप्पूरला इथे ये. ज्यू वस्त्यांत सबंध देशभर जवळजवळ एकही गाडी धावत नाही. हमरस्त्यावर पोरं सायकली चालवतात, माणसं पांढरे कपडे घालून रस्त्याच्या मधून चालतात, रात्री इतकं शांत की शेजारच्या घरातली प्रार्थना ऐकू येते. आणि गाडी चालवायला त्या दिवशी कायद्याने बंदी नाही, बरं का. कुणाचा दंड नाही, नियम नाही. लोक आपणहून थांबतात. ती आमची दारफळणीच आहे, गावभर झालेली. त्याउलट शनिवारी बहुतेक बस सरकारी परवान्यातल्या अटीनेच बंद, आणि त्या शनिवारी मला रात्रपाळीला जायला टॅक्सीचे पैसे पडायचे, आणि ज्यांना मोटार परवडते ते समुद्रावर. ज्या दिवशी सक्ती नाही तो दिवस माझ्या नातवंडांना प्रिय आहे, ज्या दिवशी सक्ती आहे त्या दिवसाचा त्यांना राग आहे. मी शनिवार पाळणारी बाई आहे, मला याचं फार दुःख होतं. बैल सोडताना माझ्या पणजोबांच्या मागे कुठला सरकारी हुकूम होता?

---

मडगावचा:

मावशींचं वाचून आमच्या गोव्याची सही आठवली. आमच्याकडे पोर्तुगालात १९१० ला प्रजासत्ताक आलं, राज्य आणि चर्च यांची फारकत झाली आणि लग्न सरकारच्या वहीत गेलं. १९६१ नंतर भारतानेही तो कायदा चालू ठेवला. हिंदू असो, कॅथलिक असो, मुसलमान असो, दोघांनी नागरी निबंधकापुढे जाऊन सही करायची. माझ्या लग्नाच्या वेळी पहिली सही केली, मधले दिवस गेले, कुणी हरकत घेतली नाही, मग दुसरी सही. त्यानंतर देवकार्य, होम, अक्षता. आमच्या शेजारच्या कॅथलिक मुलीने पहिल्या सहीनंतर दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न लावलं. भटजींनी किंवा पाद्रींनी आधीच नाही म्हटलं तरी सरकारी वही तुम्हाला नाही म्हणत नाही.

अगदी निर्दोष आहे असं म्हणत नाही. १८८० सालचे हिंदूंच्या रूढींचे काही अपवाद अजून कागदावर आहेत, ते जायला हवेत. पण मला आधार वाटतो तो एवढाच की माझ्या बायकोला माझी बायको ठरवण्यासाठी आमच्या आजीचं गोत्र कुणी तपासलं नाही.

घाटमाथा यांना एक सांगतो. उर्वरित देशात १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, पण त्यात तीस दिवसांची नोटीस कचेरीत लावतात. वेगळ्या धर्मातल्या पोरांची नावं भिंतीवर लागतात आणि नको ते लोक घरी पोचतात. तेव्हा किल्ली पुजाऱ्याकडे नाही म्हणून आपण लगेच निश्चिंत व्हावं असंही नाही.

---

घाटमाथा:

योम किप्पूरचं मला ठाऊक नव्हतं. कायदा नसताना सगळा देश थांबतो, यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझं मत पूर्ण बदललं असं खोटं बोलणार नाही. राष्ट्राला आठवण लागते आणि आपल्याकडे ती आठवण बरीचशी धर्मातूनच येते, हे मी अजून म्हणेन. पण लग्नाची वही कुणाच्या हातात, हा प्रश्न मी आजवर धरलाच नव्हता.

---

कोथरूडचा वाचक:

मावशी, मी हे सगळं छापून आत्तेभावाला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं की पोलीस पाटलांचं ते पत्र अजून आहे का? असेल तर त्यात काय लिहिलंय ते सांगाल?

---

नवगावची लेक:

आहे ना बाळा. कचेरीने घेतलं नाही, परत दिलं, म्हणून तर राहिलं. भाऊ गेल्यावर वहिनीने माझ्याकडे दिलं. घडीवर विरलंय, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय. शाई जांभळी पडलीय पण वाचता येतं. जसंच्या तसं लिहिते, शुद्धलेखन त्यांचंच:

'दाखला लिहून देतो की, सदर इसमाचे घराणे आमचे गावी माझे आज्याचे वेळेपासून राहत असून शनवार तेली आहेत. शनवारी ते घाणा जुंपीत नाहीत व चुलीस विस्तव करीत नाहीत. बिनखवल्याची मासळी त्यांचे घरी शिजत नाही. मुलाची सुंता आठवे दिवशी होते. सोयरीक त्यांचे लोकांतच होते. हे मी माझे डोळ्यांनी पाहिले आहे. ते आपला धर्म कोणी न सांगता पाळतात. कोणी विचारल्यास जबानी देणेस मी तयार आहे.'

खाली सही आणि गावचा गोल शिक्का. शिक्का थोडा तिरका पडलाय, कारण मी पाटलांच्या मांडीला खेटून बसले होते आणि माझा धक्का लागला.

आत्तेभावाला फोटो पाठवायचा होता, पण नातू रविवारी येईल तेव्हा काढून देईल. आज शुक्रवार आहे, दिवे लावायला वीस मिनिटं उरलीयत, आता फोन बंद करते.